जर्मन फोटोंवर ९९ टक्के, पण सोलापुरात मॉडेल का फसतं?

तुमचा प्रश्न असा: रस्त्यावरची वाहतूक चिन्हं ओळखणारं संगणकाचं मॉडेल जर्मन चिन्हांच्या डेटासेटवर (फोटोंच्या संग्रहावर) ९९ टक्के अचूक, पण गाडीवर मोबाईल लावून सोलापुरात सात रस्ता चौकातून होटगी रोडला गेलं की भलतंच सांगतं.

मॉडेल बिघडलेलं नाही, परीक्षाच सोपी होती. त्या डेटासेटमध्ये ४३ प्रकारची, ५० हजारांहून जास्त चित्रं आहेत, पण प्रत्येक चित्रात चिन्ह आधीच कापून ठेवलेलं. २०११च्या स्पर्धेत तर यंत्राने माणसालाही मागं टाकलं होतं: यंत्र ९९.४६ टक्के अचूक, माणूस ९८.८४. तुमच्या कॅमेऱ्याला मात्र आधी चिन्ह शोधायचंय, मग ओळखायचंय. त्यामुळे चित्रात वस्तू कुठं आहे ते शोधणारं योलोसारखं मॉडेल त्याच्या आधी जोडा.

दुसरी गोम. त्यात एकाच पाटीचे, गाडी जवळ येताना टिपलेले ३०-३० फोटो आहेत. ते सरमिसळ करून ट्रेनिंग (मॉडेलला शिकवायचे फोटो) आणि टेस्टमध्ये (परीक्षेचे फोटो) वाटले असतील, तर पेपर आधीच फुटला म्हणा की! एका पाटीचे सगळे फोटो एकाच बाजूला ठेवा.

आहेत त्याच फोटोंत फेरफार करून डेटा वाढवताना चित्र आरशातल्यासारखं उलटवू नका, डावं वळण उजवं होतं. शिवाय जर्मनीत वाहतूकही उजवीकडून, गोल चौकाचे बाणसुद्धा आपल्या उलटे.

बाकी आपल्याकडचं काय सांगावं! पाटीवर वाढदिवसाचं पोस्टर, समोर उसाची ट्रॉली. हे फोटो स्वतःच काढा, भर दुपारचे आणि रात्रीचेही. आणि एका फ्रेमवर (व्हिडिओतल्या एका चित्रावर) भरवसा नको, सलग चार-पाच फ्रेममध्ये तेच उत्तर आलं तरच मॉडेलला बोलू द्या.