मुतखड्यावरचं स्वस्त औषध : बाटली फिरवून वाचा

प्रश्न : कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा दुर्बिणीने काढला. पुन्हा होऊ नये म्हणून पोटॅशियम सायट्रेटच्या १०८० मिलिग्रॅमच्या ३ गोळ्या रोज सांगितल्यात. खर्च झेपत नाही. औषध दुकानदार म्हणतो, लघवीच्या जळजळीचं सायट्रेट सिरप घ्या, एकच आहे. चालेल का? (एक वाचक, जालना)

उत्तर : एकच नाही. बाटली फिरवून मागचं बारीक अक्षर वाचा. ‘डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट’ असं लिहिलेलं असेल तर ते सोडियमचं औषध आहे. लघवीची आम्लता तेही कमी करतं, पण मूत्रपिंडातून बाहेर पडताना सोडियम आपल्याबरोबर कॅल्शियम ओढून नेतं आणि तुमचा खडा कॅल्शियमचाच. त्याच्या ५ मिलीत साधारण पाव ग्रॅम सोडियम असतं. १० मिली तीनदा घेतलंत की दिवसाला दीड ग्रॅम, म्हणजे जवळपास पावणेचार ग्रॅम मीठ जास्तीचं पोटात. जळजळीसाठी चार दिवस ठीक, वर्षानुवर्षं नको. खाण्याच्या सोड्याचंही तेच.

स्वस्तात पडू शकतं ते त्याच पोटॅशियम सायट्रेटचं पातळ औषध. ‘प्रत्येक ५ मिलीत पोटॅशियम सायट्रेट ११०० मिलिग्रॅम, सायट्रिक ॲसिड ३३४ मिलिग्रॅम’ असा मजकूर शोधा. या ५ मिलीत आणि तुमच्या एका गोळीत पोटॅशियम जवळपास सारखंच, १० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक). म्हणजे २०० मिलीची बाटली = ४० गोळ्या = १० गोळ्यांच्या ४ पट्ट्या. बाटलीची किंमत ४ पट्ट्यांच्या किमतीशी ताडून बघा, एका पट्टीशी नाही. मॅग्नेशियम मिसळलेल्या बाटल्यांत प्रमाण वेगळं असतं, तिथे हे गणित लागू नाही. बदल डॉक्टरांना सांगूनच करा.

मोजायला टोपणावरच्या खुणा वापरा. स्वयंपाकघरातला चमचा कधी ३ मिलीचा निघतो, कधी ७ चा. जेवणानंतर पेलाभर पाण्यात घालून घ्या, नुसतं घेतलं तर पोटात आग पडते. गोळ्याच चालू ठेवल्यात तर पुरवण्यासाठी त्या मोडू किंवा कुटू नका. औषध हळूहळू सुटावं म्हणून त्या मेणासारख्या साच्यात बसवलेल्या असतात. तो रिकामा साचा शौचात दिसला तर घाबरून दुसरी गोळी घेऊ नका, औषध आत उतरलेलं असतं.

मूत्रपिंड कमजोर असेल किंवा रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन या रक्तदाबाच्या-हृदयाच्या गोळ्यांपैकी काही चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून सुरू करण्याआधी आणि नंतर एक-दोन आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासा. ‘कमी सोडियमचं’ म्हणून विकलं जाणारं मीठसुद्धा बऱ्याचदा पोटॅशियमचंच असतं, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

प्रश्न : स्वस्त औषध खरंच लागू पडतंय हे कसं कळणार? (एक वाचक, सातारा)

उत्तर : घरच्या घरी पीएच पट्टीने, म्हणजे लघवीची आम्लता दाखवणाऱ्या कागदी पट्टीने; आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त. चार-पाच दिवस सकाळी, दुपारी, झोपताना ताज्या लघवीत बुडवा. ठेवलेल्या लघवीचा आकडा फुगतो. ६ ते ६.५ ठीक. युरिक ॲसिडचा खडा विरघळवायचा असेल तर ६.५ ते ७. सतत ७ च्या वर गेला तर कॅल्शियम फॉस्फेटचे खडे धरू लागतात, तेव्हा मात्रा कमी करायची की नाही ते डॉक्टरांना विचारा.

पण खरा निकाल २४ तासांच्या लघवीचा. रविवारी सकाळी ७ ची पहिली लघवी टाकून द्या. त्यानंतरची प्रत्येक, सोमवारी ७ ची धरून, डब्यात. शौचाला जाण्याआधी लघवी वेगळी करून घ्या, नेमकी तीच निसटते. लॅबच्या डब्यात ॲसिड असेल तर थेट त्यात करू नका, भांड्यातून ओता. त्या दिवशी मुद्दाम जास्त पाणी पिऊ नका. ही हुशारी बरेच जण करतात आणि अहवाल फसवा येतो.

अहवालात आधी क्रिएटिनिन बघा. पुरुषात ते साधारण किलोमागे १८ ते २४ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाचं ७०० आलं तर लघवी सांडली किंवा राहिली, पुन्हा जमा करा. मग सायट्रेट, कॅल्शियम, सोडियम आणि एकूण लघवी बघा. औषध सुरू करण्याआधी एकदा, नंतर सहा महिन्यांच्या आत पुन्हा. आधीचा अहवालच नसेल तर तुलना कशाशी करणार?

प्रश्न : रक्तदाबाची हायड्रोक्लोरोथायझाइड फारच स्वस्त आहे. खडा पुन्हा होऊ नये म्हणून तीच घेतली तर? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : स्वतःहून नको. स्वित्झर्लंडमधल्या ४१६ रुग्णांच्या चाचणीत (निष्कर्ष २०२३) १२.५, २५ आणि ५० मिलिग्रॅमची तुलना औषध नसलेल्या गोळीशी केली. खडे पुन्हा होण्यात ठळक फरक पडला नाही. उलट रक्तातलं पोटॅशियम घटणं, गाऊट (सांधे सुजवणारा आजार), नव्याने मधुमेह हे या गोळीवर जास्त दिसलं. लघवीत कॅल्शियम फार जात असेल तर क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड या तशाच प्रकारच्या गोळ्यांचा विचार डॉक्टर करतात, तो त्यांच्यावर सोडा.

फुकटातला उपाय पाण्याचा. १९९६ च्या इटलीतल्या पाच वर्षांच्या चाचणीत भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, इतरांपैकी २७ टक्क्यांना. लघवी दिवसाला अडीच लिटर झाली पाहिजे. एक दिवस मोजून बघा. दूध-दही बंद करू नका, मीठ आवरा. कुळथाचं कळण आवडत असेल तर जरूर प्या, त्यातलं पाणी कामी येईलच; मीठ तेवढं हात राखून घाला.