आठवीत एनसीसीला नाव दिलंयस? मग एवढं ऐक

छान केलंस! मीही ठाण्यातल्या शाळेतूनच दोन वर्षं ज्युनिअर डिव्हिजन केली. सर्टिफिकेट तर मिळालंच, पण त्याहून मोठी कमाई म्हणजे आवाज. वर्गात तोंड न उघडणारा मी तीस जणांना 'सावधान' म्हणायला शिकलो.

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- हजेरी. दोन वर्षांच्या शेवटी 'ए' सर्टिफिकेटची परीक्षा असते, तिला बसायला ७५ टक्के परेड लागतात. नवी मुलं पहिल्या पावसाळ्यातच दांड्या मारतात आणि दुसऱ्या वर्षी रडतात.
- बूट. नवे बूट थेट परेडला घालू नकोस. आठवडाभर घरात जाड मोजे घालून वापर. माझ्या दोन्ही टाचा पहिल्याच दिवशी सोलल्या होत्या, मोजा काढताना कातडी सोबत आली. पावसाळ्यात पिशवीत कोरडे मोजे हवेतच.
- नाश्ता. उपाशी पोटी मैदानात जाऊ नकोस. सावधानमध्ये गुडघे अगदी ताठ आवळू नकोस, बुटात बोटं हलवत राहा. चक्कर येऊन पडणारी मुलं बहुतेक इथेच चुकतात.

कॅम्प चुकवू नकोस. आईला काळजी वाटेल, तिला समजाव. दहा दिवस स्वतःचं ताट स्वतः घासलंस की घरी आल्यावर तिलाच फरक दिसेल.

एनसीसी केली म्हणजे सैन्यात जावंच लागतं असं नाही, हे बाबांनाही सांग. 'सी' सर्टिफिकेट (कॉलेजातल्या एनसीसीचं), एसएसबी (सैन्यात अधिकारी निवडायची मुलाखत) हे सगळं कॉलेजात बघू. आत्ता बेल्टचं पितळ चमकव आणि शनिवारी वेळेआधी दहा मिनिटं पोच.