पहिल्या दिवसाचा रथ की परतीचा?

प्रश्न : ताई, माझ्या आत्याबाई ७१ वर्षांच्या आहेत. टीव्हीवर पुरीची रथयात्रा लागली की त्या दिवशी जागच्या हलत नाहीत. जगन्नाथाच्या रथाच्या दोराला एकदा हात लागावा, एवढीच त्यांची इच्छा. गुडघे दुखतात, बीपीची गोळी सुरू आहे. मी आणि गावातल्या आणखी दोघी सोबत जायला तयार आहोत. पण आमचं सारं वावरावर, पेरणीत घर सोडता येत नाही. घरधनी माळकरी. ते म्हणतात, "आषाढीले पंढरी सोडून पुरी कायले?" कसं जमवावं?
— एक सून, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : पेरणीची अडचण यंदा पंचांगानेच सोडवली आहे, बाई. गेल्या वर्षी रथयात्रा २७ जूनला आली होती. त्या दिवसांत कास्तकाराच्या घरातून कोण निघणार? २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे पुढचे सगळे सण लांबले. आषाढ शुद्ध द्वितीया १६ जुलैला पडते. पाणी वेळेवर आलं तर तोवर पेरणी होऊन डवराही फिरलेला असेल. निंदणाच्या बाया मात्र आधीच सांगून ठेवा, आठ दिवसांत गवत कुणाची वाट पाहत नाही.

आता खरी गोष्ट. आत्याबाईंना घेऊन १६ जुलैला जाऊ नका.

टीव्हीवर एकच दिवस दाखवतात म्हणून आपल्याला रथयात्रा एका दिवसाची वाटते. देव द्वितीयेला निघतात, 'बडदांड' नावाच्या रुंद रस्त्याने तीनेक किलोमीटरवरच्या गुंडिचा मंदिरात जातात, तिथे मुक्काम करतात आणि दशमीला त्याच रस्त्याने परत निघतात. या परतीला 'बाहुडा यात्रा' म्हणतात. यंदा ती २४ जुलैला आहे. रथ तेच, दोर तेच, देवही तेच. गर्दी त्याही दिवशी अफाट असते, पण पहिल्या दिवशी साऱ्या देशातून माणूस लोटतो, तेवढी रेटारेटी परतीला नसते. दुसऱ्या दिवशी, २५ जुलैला, आषाढी एकादशी. त्या दिवशी तिन्ही रथ मोठ्या मंदिराच्या सिंहद्वारासमोर उभे असतात आणि देवांना रथावरच सोन्याचा साज चढवतात. याला 'सुनाबेश' म्हणतात. जगन्नाथाच्या मूर्तीला एरवी हात-पाय दिसत नाहीत. त्या दिवशी सोन्याचे हात-पाय लावलेले पाहायला मिळतात. आमच्या भजनी मंडळातली एक म्हातारी ते पाहून म्हणाली, "मायबाई, आज देवाले हात फुटले!" आत्याबाईंना हेच दाखवा.

दोराचं सांगते. रथ चालत असताना दोराजवळ जायचं नाही, सुनेने आग्रह केला तरी नाही आणि सासूने हट्ट धरला तरी नाही. रथाच्या पुढे-मागे माणसाला वळायला जागा नसते. पण बाहुडाच्या आदल्या दिवशी आणि नंतरही रथ रस्त्यावर उभे असतात, दोर खाली पसरलेला असतो आणि पोलीस अडवत नसतील तेव्हा लोक वाकून त्याला हात लावून पुढे जातात. आत्याबाईंचं तेवढ्यात होईल. मात्र उभ्या रथासमोर अंधारात, पहाटे दर्शनासाठी थांबलेल्या गर्दीत उभं राहू नका. २९ जून २०२५ च्या पहाटे गुंडिचा मंदिरासमोर असंच झालं, चेंगराचेंगरीत तिघांचा जीव गेला. दिवस चांगला वर येऊ द्या, मग जा. दाटी दिसली तर लांबूनच हात जोडा आणि मागे फिरा.

बाहुडा पाहायचा तो गच्चीवरून. बडदांडाच्या दोन्ही बाजूंच्या घरांच्या, लॉजच्या गच्च्या आणि गॅलऱ्या त्या दिवसांत भाड्याने देतात. जिना किती, वर पंखा-सावली आहे का आणि संडास त्याच मजल्यावर आहे का, हे तीन प्रश्न फोनवरच विचारून घ्या. तिसरा सर्वांत महत्त्वाचा. बायका याची लाज धरतात, दिवसभर पाणी पीत नाहीत आणि संध्याकाळी चक्कर येऊन पडतात. पुरीचा जुलै आपल्यासारखा नाही. पाऊस पडून गेला तरी समुद्राच्या हवेने अंग चिकचिक करतं, घाम वाळत नाही.

राहायचं मंदिराच्या वाटेवर, पायी जाण्याच्या अंतरात. समुद्रकाठी खोली स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका. त्या दिवशी ऑटो अर्ध्या वाटेत अडवतात आणि उरलेलं अंतर त्या गुडघ्यांनाच कापावं लागतं.

गाडी नागपूरहून धरा. अहमदाबाद–पुरी गाडी नागपूर, रायपूर, विजयनगरममार्गे जाते. ती रोज नसते, म्हणून वार पाहून घ्या. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे २१ जुलैला निघायचं तर २२ मेच्या सकाळी तिकीट काढायला माणूस बसवा. तेव्हा लग्नसराईत कुणाला आठवण राहत नाही. ४५ वर्षांवरच्या बायकांना खालच्या बर्थचा कोटा आहे, पण एका तिकिटावर एकटी किंवा दोघीच असतील तरच तो मिळतो. चौघींचं एक तिकीट काढलं की आत्याबाई वरच्या बर्थवर! तेव्हा दोन-दोन जणींची वेगळी तिकिटं काढा, आणि आत्याबाईंसोबत जिचं नाव घालाल तीही ४५ च्या वरची असू द्या.

दशम्या, जवसाची चटणी, मुरमुऱ्याचा चिवडा सोबत घ्या, गाडीत तेवढं पुरतं. तिथे भातावर राहायची तयारी ठेवा. बीपीच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या घ्या आणि पिशवीत नाही, कमरेच्या बटव्यात ठेवा. प्रत्येकीच्या पोलक्याला आतून एक चिठ्ठी पिनेने लावा. तिच्यावर नाव, लॉजचं नाव आणि घरचा मोबाईल हिंदीत आणि इंग्रजीत लिहा. गर्दीत मोबाईलला रेंज नसते आणि आपली वऱ्हाडी तिथल्या पोलिसाला कळत नाही.

राहिले घरधनी. त्यांना म्हणावं, तुम्ही पंढरीला जा, आम्ही पुरीला जातो, एकादशी दोघांचीही साधते. आणि तुम्ही तर आर्वीच्या! नदीपलीकडे कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. पुरीच्या मंदिरातही ज्येष्ठ शुद्ध एकादशीला तिचं लग्न लावतात. आपली रुक्मिणी रुसली ती दिंडीरवनात जाऊन बसली. पुरीची लक्ष्मी तेवढ्यावर थांबत नाही. तिला मागे ठेवून देव भावा-बहिणीला घेऊन फिरायला गेले, म्हणून 'हेरा पंचमी'ला ती पालखीत बसून गुंडिचाला जाते आणि परत फिरताना जगन्नाथाच्या रथाचा लाकडी तुकडा मोडते. देव शेवटी मंदिरात परततात तेव्हा ती दार उघडत नाही, मग त्यांना रसगुल्ला देऊन समजूत काढावी लागते. घरधन्यांना हे जेवायला वाढताना सांगा, परवानगी लवकर मिळेल.

प्रश्न : आम्ही पाच मित्र, सगळे पंचविशीतले. आम्हाला पहिल्याच दिवशी रथ ओढायचा आहे. घरची चारचाकी घेऊन जावं म्हणतो. तिथला दिवस कसा असतो?
— दिग्रस, जि. यवतमाळ

उत्तर : तुमच्या वयात मी परतीचा सल्ला देणार नाही, जा. पण गाडी घरी ठेवा. शहराच्या वेशीवर ती अडवतील आणि पुढे तुम्ही पायीच. भुवनेश्वरला उतरा. तिथून पुरी साठेक किलोमीटर आहे, रथयात्रेला रेल्वे जादा गाड्या सोडते.

सकाळी देव बाहेर येतात, त्याला 'पहंडी' म्हणतात. हे चुकवू नका, रथ ओढण्यापेक्षाही मला हेच जास्त आवडतं. घंटा आणि कहाळीच्या गजरात सेवेकरी मूर्ती पुढे-मागे डोलवत, एकेक पाऊल टेकवत आणतात. पायाखाली कापसाच्या गाद्या सरकवत असतात. आपण पऱ्हाटीच्या मुलखातली माणसं, नजर त्या गाद्यांवर जातेच. देवाच्या डोक्यावर 'ताहिया' नावाचा फुलांचा भला मोठा मुकुट असतो. प्रत्येक पावलाला तो असा हलतो की देव मान डोलवत येतोय असंच वाटतं.

मग पुरीचे गजपती महाराज येऊन सोन्याच्या मुठीच्या झाडूने तिन्ही रथ झाडतात. त्यानंतर रथ निघतात. आधी बलभद्राचा तालध्वज, १४ चाकांचा, लाल-हिरवा. मग सुभद्रेचा दर्पदलन, १२ चाकांचा, लाल-काळा. शेवटी जगन्नाथाचा नंदिघोष, १६ चाकांचा, लाल-पिवळा. गर्दीत रंग पाहिला की कोणता रथ ते लगेच कळतं. हे रथ दरवर्षी नव्या लाकडाचे बांधतात.

ओढायचं तर दोराच्या पुढच्या टोकाला जा, रथाजवळ नको. चाक माणसाएवढं उंच असतं आणि रथाला ब्रेक नाही. थांबवायचा तर चाकाखाली लाकडाचा ओंडका सारतात. पायात चप्पल ठेवाल तर ती गेली म्हणून समजा. चांदीची चेन, महागडा मोबाईल लॉजवर ठेवून या.

सूर्य बुडाला की रथ जिथे असेल तिथे थांबतो. नंदिघोष कधी कधी पहिल्या दिवशी थोडासाच हलतो आणि बाकीचं अंतर दुसऱ्या दिवशी कापतो. तेव्हा १६ च्या रात्रीचं परतीचं तिकीट काढू नका, १७ चंही नको. आणि तुमच्यापैकी एकाला जरी दारूची सवय असेल तर त्याला गावीच ठेवा. असा एक जण सोबत असला की बाकीचे चौघे देव पाहत नाहीत, त्यालाच पाहत बसतात.

प्रश्न : रथयात्रेच्या आठवड्यात गेलो तर मोठ्या मंदिरातही दर्शन होईल ना? नसता दोनदा जावं लागेल.
— एक वाचक, मूर्तिजापूर

उत्तर : त्या आठवड्यात रत्नसिंहासनावर जगन्नाथ नसतात, ते गुंडिचाला असतात. त्याआधीचे पंधरा दिवसही दर्शन बंद असतं. ज्येष्ठ पौर्णिमेला १०८ घड्यांनी आंघोळ घातल्यावर देवांना ताप येतो, त्यांना काढे देतात, अशी समजूत आहे. त्यामुळे गाभाऱ्यातलंच दर्शन हवं असेल तर रथयात्रेचा नाद सोडा आणि दिवाळीनंतर जा, कापसाचा पहिला वेचा घरात आला की. हवाही बरी असते.

रथाच्या दिवसांत गेलात तरी सिंहद्वारासमोर थांबा. तिथे एक उंच काळा खांब आहे, अरुणस्तंभ. तो मूळचा कोणार्कच्या सूर्यमंदिरासमोरचा, मराठ्यांच्या अमलात इथे आणून उभा केला. १७५१ ते १८०३ ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे होता, त्या काळातली ही गोष्ट. तिथले मार्गदर्शक हे सांगतीलच असं नाही. मंदिरात मोबाईल आणि चामड्याची वस्तू नेता येत नाही, बाहेर जमा करावी लागते. पावती नीट सांभाळा. पंड्याशी दक्षिणा आत शिरण्याआधीच ठरवा, चारचौघांसमोर, मोठ्याने.