जावास्क्रिप्टने क्लास काढताना निम्मेच एलिमेंट का बदलतात?

‘जुने’ हा क्लास (एलिमेंटना, म्हणजे पानाच्या घटकांना, गटासाठी दिलेले नाव) असलेले चार परिच्छेद तुम्ही गेटएलिमेंट्सबायक्लासनेम वापरून निवडलेत आणि फॉर लूपमध्ये प्रत्येकाचा तो क्लास क्लासलिस्टच्या रिमूव्हने काढलात, तरी दुसरा व चौथा परिच्छेद तसाच राहिला आणि कन्सोलमध्ये (ब्राउझर त्रुटी दाखवतो त्या खिडकीत) काहीच त्रुटी आली नाही, असे तुम्ही लिहिले आहे.

यात ब्राउझरचा दोष नाही. गेटएलिमेंट्सबायक्लासनेम या मेथडकडून मिळणारे एचटीएमएलकलेक्शन (सापडलेल्या एलिमेंटची यादी) ‘लाइव्ह’ असते, म्हणजे पानात बदल झाला की त्या यादीतही तत्क्षणी बदल होतो. पहिल्या फेरीत तुम्ही शून्य क्रमांकाच्या परिच्छेदाचा क्लास काढता, त्याबरोबर तो यादीतून गळतो आणि उरलेले तिघे एकेक जागा पुढे सरकतात. परिणामी लूपमधला क्रमांक मोजणारा आय (i) १ होतो तेव्हा त्या जागी मुळातला तिसरा परिच्छेद असतो, आणि शून्यावर सरकलेल्या दुसऱ्याकडे लूप पुन्हा वळत नाही. तिसऱ्याचाही क्लास गेल्यावर लेंथ (यादीची लांबी) २ उरते, आयही २ होतो, आणि अट खोटी ठरून लूप मुकाट्याने संपतो. लेंथ आधीच एखाद्या व्हेरिएबलमध्ये साठवली असती, तर तिसऱ्या फेरीत अनडिफाइन्ड (त्या जागी काहीच नाही असे दाखवणारे मूल्य) हाती येऊन टाइपएरर तरी दिसला असता. त्रुटी न दाखवणारा कोड शोधायला अधिक अवघड जातो.

माझ्या मते येथे क्वेरीसिलेक्टरऑल वापरावे. त्याची नोडलिस्ट (त्याने परत दिलेली यादी) स्थिर असते, तिच्यावर फॉरईच (प्रत्येक घटकावर तेच काम करणारी मेथड) थेट चालते (एचटीएमएलकलेक्शनवर ती नसते), आणि आत सीएसएसचा कोणताही सिलेक्टर (एलिमेंट निवडण्याची खूण) देता येतो. क्लासच्या नावाआधी टिंब द्यायला मात्र विसरू नका: ते राहिले तर त्या नावाचा टॅग शोधला जातो, रिकामी यादी मिळते आणि पुन्हा कसलीही तक्रार येत नाही. याउलट एकेरी क्वेरीसिलेक्टरला काही सापडले नाही तर नल (रिक्त मूल्य) मिळते आणि पुढच्याच ओळीत कोड अडतो. नोडलिस्ट प्रत्येक वेळी स्थिर असतेच असेही समजू नये, कारण चाइल्डनोड्सची (एखाद्या एलिमेंटच्या थेट आतल्या घटकांची) नोडलिस्ट लाइव्ह असते.

जुनी मेथड ठेवायचीच असेल, तर ॲरे.फ्रॉमने यादीची प्रत काढून तिच्यावर लूप चालवावा. शेवटाकडून उलटा लूप चालवल्यानेही काम होते, परंतु तो उलटा का आहे हे कोड वाचणाऱ्याला थांबून शोधावे लागते, म्हणून मी तो टाळतो.

तुमच्या कोडमध्ये आणखी एक गोष्ट खटकली. परिच्छेदांना शेरा जोडण्यासाठी तुम्ही इनरएचटीएमएलपुढे अधिक-बरोबर हे चिन्ह वापरले आहे. त्यामुळे नवा मजकूर नुसता जोडला जात नाही, तर आतले सगळे एलिमेंट मोडून नव्याने तयार होतात, आणि आतल्या बटणांवर ॲडइव्हेंटलिसनरने लावलेले लिसनर (क्लिकसारख्या घटनेला चालणारे कोड) नाहीसे होतात. नुसता मजकूर जोडायचा असल्यास अपेंड पुरेसे आहे, आणि संपूर्ण मजकूर बदलायचा असल्यास टेक्स्टकंटेंट. तो शेरा वापरकर्त्याने फॉर्ममध्ये भरलेला असेल, तर इनरएचटीएमएल वापरूच नये. त्यातून घातलेला स्क्रिप्ट टॅग चालत नाही हे खरे, पण इमेजच्या टॅगवरील ऑनएररमध्ये (चित्र लोड न झाल्यास चालणाऱ्या भागात) लिहिलेला कोड चालतो.