लॅमिनेशन नको, आणि पार्सलची कागदपत्रं आजच सांगा

नांदेडकर भाऊ, ‘डकटेल्स’ या कार्टून मालिकेची पेन्सिलीतली चित्रं आणि एक रंगवलेला सेल (म्हणजे मालिकेसाठी पारदर्शक प्लॅस्टिकवर रंगवलेलं चित्र) परदेशातून मागवलाय, पार्सल कस्टमच्या तपासणीत अडकलंय आणि आलं की लॅमिनेशन करून भिंतीला लावायचंय, असं तुम्ही लिहिलंय. लॅमिनेशनचं डोक्यातून काढा. एकदा तापवून चिकटवलं की ते परत निघत नाही.

पार्सलचं मात्र सविस्तर सांगतो, कारण माझंही ऐन मे महिन्यात असंच अडकलं होतं. पाठवणाऱ्यानं काम चोख केलं होतं: सेल आणि चित्राच्या मधे गुळगुळीत पातळ कागद, दोन्ही अंगांनी जाड पुठ्ठा. तपासणाऱ्यानं ते मधले कागद काढून टाकले, चित्रावर सेल तसाच ठेवला आणि चिकटपट्टी मारून दिली. सेलवर रेषा पुढून असतात, रंग मागून भरलेला असतो. गोदामाच्या उकाड्यात तो मागचा रंग मऊ पडून खालच्या चित्राला धरला. घरी उघडलं तर निळ्या कोटाची अख्खी बाही कागदावर उतरलेली. वर चित्रं सुटू नयेत म्हणून पेगच्या भोकांशेजारी (काढताना कागद खुंट्यांवर बसवायला कडेला पाडलेली भोकं) स्टेपलरची पिन ठोकलेली! कस्टमच्या कार्यालयात विचारलं तर म्हणे पोचवणाऱ्यांना विचारा. पोचवणारे म्हणे पाकीट आम्ही उघडतच नाही. अर्जाची साधी पोचसुद्धा दिली नाही. कुणीतरी हातानं काढलेलं ते चित्र, त्याची दुसरी प्रत जगात नाही. माझा राग आजही गेलेला नाही.

म्हणून विक्रेत्याकडून आजच बिल नीट लिहून घ्या: कार्टून मालिकेसाठी हातानं काढलेलं मूळ चित्र, कागदावर, पेन्सिलीत, सेल वेगळा, प्लॅस्टिकवर रंगवलेला. नुसतं ‘प्रॉडक्शन ड्रॉइंग’ असेल तर कारखान्याचा नकाशा समजतात, आणि त्याचा कराचा वर्ग वेगळा असतो. पैसे भरल्याचा पुरावा जोडा. कर किती लागेल ते मला विचारू नका, दर बदलतात आणि मी त्या खात्यातला नाही. पुढच्या वेळी कागद आणि सेल वेगवेगळ्या पाकिटांत मागवा, खर्च वाढला तरी चालेल. जोडी फोडू नये असं बरेच संग्राहक म्हणतात, मला ते पटत नाही. कोपऱ्यातल्या क्रमांकावरून जोडी घरी लावता येते.

जाता जाता, चित्राच्या कडेला जपानी अक्षरं दिसली तर नकली समजून घाबरू नका. १९८७ च्या या मालिकेचं बरंच काम टोकियो मूव्ही शिन्शा या जपानी स्टुडिओत झालं होतं. कागद तिरप्या उजेडात धरा, पेन्सिल चमकते, झेरॉक्स तशी चमकत नाही. ‘सेरिसेल’ म्हणून विकतात तो विक्रीसाठी छापलेला असतो, मालिकेच्या कामात वापरलेला नसतो. मी तरी त्यावर पैसे घालणार नाही.

ठेवायला पत्र्याखालची खोली किंवा पश्चिमेची भिंत नको, आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. माळवदाच्या घरातली आतली खोली थंड असते, पण पावसाळ्यात ओल धरते आणि वरून माती गळते, तेव्हा तिथंही जमिनीवर ठेवू नका. सेलला व्हिनेगरसारखा वास आला तर तो लगेच बाकीच्यांपासून लांब ठेवा, हवाबंद पिशवीत तर मुळीच कोंडू नका.

आणि तुमचं पार्सल चिकटून आलंच तर ओढू नका. तसंच सपाट ठेवा, फोटो काढा आणि कागदाचं संवर्धन करणाऱ्या माणसाला दाखवा. पाकीट उघडताना व्हिडिओ घ्यायला विसरू नका.