स्कायरिम या व्हिडिओ गेममध्ये राक्षसाचा अंगठा, फुलपाखरांचे पंख, जुनी दातेरी चाकं असलं बरंच काही जमलंय आणि ओझ्यामुळे पळता येत नाही. सगळं विकून टाकू का?

राक्षसाचा अंगठा तर मुळीच विकू नका. तुमच्या पिशवीतली सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे, आणि गेममधला दुकानदार तिला अगदी किरकोळ भाव देतो.

स्कायरिममध्ये औषधाच्या प्रत्येक जिनसात चार गुण दडलेले असतात. दोन किंवा तीन जिन्नस एकत्र करायचे. त्यातल्या किमान दोघांचा एखादा गुण जुळला तरच पोशन, म्हणजे प्यायचं औषध, बनतं. अंगठ्यात आरोग्य वाढवण्याचा गुण आहे आणि तो इतर जिनसांतल्या त्याच गुणापेक्षा खूप जास्त वेळ टिकतो, म्हणून त्याच्या पोशनची किंमत चढते. दुसरा गुण ओझं पेलण्याचा. म्हणजे तुमच्या अडचणीवरचा उपायही त्याच अंगठ्यात आहे. गहू आणि क्रीप क्लस्टर ही जमिनीलगत पसरणारी वनस्पती त्याच्या जोडीला घ्या. गव्हाशी आरोग्याचा गुण जुळतो, क्रीप क्लस्टरशी ओझ्याचा. एक वाईट गुण तिघांतही आहे, तो पोशनमध्ये उतरतोच: दम लवकर भरून येत नाही. तरीही त्या एका बाटलीला जी किंमत येते, ती अंगठे सुटे विकून कधीच यायची नाही.

निळ्या फुलपाखराचे पंखही ठेवा. स्नोबेरीसोबत त्यांचं जे पोशन होतं, ते पिऊन हत्यारांवर मंत्र चढवायला बसलात तर मंत्र जास्त ताकदीचा बसतो.

आता हे सगळं पाठ करायची गरज नाही. नवा जिन्नस हाती आला की एक खाऊन बघा, त्याचा पहिला गुण लगेच कळतो. उरलेले गुण जोड्या लावून लावून उलगडतात. मला या गेमचं सगळ्यात जास्त काही आवडत असेल तर हेच, आणि त्याला कारण माझं घर आहे. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत माझ्या मामांचं काष्ठौषधींचं दुकान आहे. तिथल्या डब्यांत जे असतं, ते कुठल्याही गेममधल्या वस्तूंइतकंच नवलाचं आहे. समुद्रफेन म्हणून जे विकलं जातं ते माकूळ नावाच्या समुद्री प्राण्याच्या पाठीतलं कवच. काकडशिंगी दिसते शेंगेसारखी, पण ती शेंग नाही. किड्यांमुळे झाडावर आलेली ती गाठ असते. मायफळही तसंच, ओकच्या झाडावर एका बारीक गांधीलमाशीमुळे येतं. मुरुडशेंग दोरीसारखी पिळलेली असते, आणि पोटात मुरडा आला की पूर्वीपासून लोक तीच मागत आले. बाळगुटीचा संच बांधून घ्यायला आलेल्या आज्या कुठल्या जिनसाचे सहाणेवर किती वेढे द्यायचे ते सुनेला तिथंच समजावून सांगतात. मामा नवा माल आला की आधी वास घेतात, मग दाताखाली एक तुकडा धरून बघतात.

आणि एका जिनसात अनेक गुण असणं हे तर आमच्याकडे रोजचंच. हिरडा घ्या. कोवळेपणी उतरवून वाळवला की तो बाळहिरडा, बाळगुटीत जातो. पिकलेला हिरडा त्रिफळ्यात जातो. आणि तोच हिरडा बाभळीच्या सालीबरोबर कातडं कमावायला वापरतात, ज्याची पुढं कोल्हापुरी चप्पल होते. राधानगरी, शाहूवाडीकडच्या डोंगरातलं एकच झाड, आणि मुलाच्या गुटीपासून पायातल्या पायताणापर्यंत त्याची कामं. त्यामुळे राक्षसाच्या अंगठ्यात चार गुण आहेत हे वाचून मला कधी नवल वाटलं नाही. ज्यांनी हे लिहिलं, त्यांनी खऱ्या औषधी नीट पाहिल्या असाव्यात असं मात्र वाटलं.

म्हणून तुम्हाला मनापासून सांगतो, वस्तू विचित्र आहे म्हणून तिला भंगार समजू नका. चांगल्या गेममध्ये वस्तूचा गुण ती जिथून आली त्याच्या स्वभावातून निघालेला असतो. माइनक्राफ्ट खेळला असाल तर आठवून बघा. सशाच्या पायापासून उंच उडीचं पोशन होतं. तुम्ही तीन दिवस झोपला नाहीत की रात्री आकाशातून फँटम झेपावतात. त्यांच्या पंखांच्या पडद्यापासून सावकाश खाली उतरायचं पोशन होतं, आणि उडायचे फाटलेले पंखही त्याच पडद्याने दुरुस्त होतात. माझी सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे आंबवलेला कोळ्याचा डोळा. कोळ्याचा डोळा, साखर आणि तपकिरी अळंबी मिळून तो होतो, आणि चांगल्या पोशनमध्ये टाकला की त्याचा गुण उलटवतो. वेगाचं पोशन मंद करतं, बरं करणारं इजा करतं. रात्री दिसण्याच्या पोशनमध्ये टाकला तर पिणारा स्वतःच दिसेनासा होतो. नासलेली गोष्ट जिथं पडेल ते नासवते, हा विचार एवढ्याशा वस्तूत बसवलाय! ज्याने कुणी तो बसवला, त्याच्याबद्दल मला फार आदर आहे.

आता दातेरी चाकं. ड्वेमर या गेममधल्या नाहीशा झालेल्या जमातीच्या अवशेषांत सापडणाऱ्या धातूच्या वस्तू सरसकट उचलू नका, ओझं बहुतेक त्यांचंच झालं असेल. वाकलेलं ड्वेमर पत्र्याचं भंगार ठेवा, वजनाला २ आणि वितळवलं की धातूच्या ३ विटा मिळतात. भरीव ड्वेमर धातूचं वजन २५ आणि विटा ५ च, म्हणजे भट्टी जवळ असेल तरच उचलावा. गिअर आणि लिव्हर वितळतच नाहीत, ते खुशाल विका. कॉग म्हणजे ती दातेरी चाकंही वितळत नाहीत, पण त्यातली १० ठेवा. विंटरहोल्डच्या विद्यापीठातला आर्नियल तेवढीच मागतो. तशीच १० फायर सॉल्ट रिफ्टनच्या बालिमुंड लोहाराला लागतात. डेड्राचं काळीज कधीच विकू नका, डेड्रिक चिलखत त्याशिवाय घडत नाही.

निर्नरूट हे झाड गुणगुणतं, त्या आवाजावरून शोधता येतं. त्याचाच लाल प्रकार जमिनीखालच्या ब्लॅकरीचमध्ये उगवतो. तो दिसेल तिथं उपटून घ्या. अशी ३० झाली की एक क्वेस्ट, म्हणजे गेममधली कामगिरी, पुरी होते, आणि त्यानंतर पोशन बनवताना एकाऐवजी दोन बाटल्या मिळायची २५ टक्के शक्यता तुमच्या नावावर कायमची जमा होते. तुम्ही अल्केमी, म्हणजे पोशन बनवण्याची विद्या, मनावर घेणार असाल तर याहून मोठं बक्षीस नाही.

राहिला जागेचा प्रश्न. सराईतल्या किंवा गुहेतल्या पेट्यांत काही ठेवू नका, तिथला माल काही दिवसांनी नाहीसा होऊ शकतो. व्हाइटरन शहरातलं ब्रीझहोम हे घर ५,००० नाण्यांना मिळतं, त्यातल्या पेट्या सुरक्षित आहेत. एक पेटी फक्त औषधी जिनसांसाठी राखा, दुसरी धातूंसाठी. हाती पैसे कमी असतील तर आधी अंगठ्याची चार-सहा पोशनं करून वेगवेगळ्या दुकानांत विका, घराची रक्कम लवकर उभी राहील.