चेक, शह आणि चौकडीचा शर्ट

प्रश्न : मेल चेक कर, बँकेचा चेक, चेक्सचा शर्ट आणि बुद्धिबळातला चेक. इंग्रजीत हे सगळे वेगवेगळे शब्द आहेत आणि योगायोगाने सारखे ऐकू येतात, की मूळ एकच?

उत्तर : मूळ एकच. आणि ते मूळ मराठीतही आहेच की, फक्त आपण त्याला 'शह' म्हणतो! फारसीत शाह म्हणजे राजा. भारतातला चतुरंग इराणात गेला, तिथून अरबांकडे, मग युरोपात, आणि खेळाबरोबर शब्दही गेले. राजावर हल्ला झाला की समोरच्याला 'शाह' म्हणून सावध करायचं, म्हणजे बाबा रे राजा सांभाळ. त्याचंच जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झालं आणि इंग्रजीत चेक. चेकमेट म्हणजे 'शाह मात', त्यातली 'मात' तर आपण संकटांवर सुद्धा करतो. अजून मागे गेलात तर शाह हा शब्द आपल्या 'क्षत्र'चा, म्हणजे क्षत्रियातल्या क्षत्रचा, लांबचा भाऊ निघतो.

आता राजावरून मेल चेक करण्यापर्यंत कसे आलो ते बघा. शह बसला की बाकी सगळं सोडून आधी राजाला वाचवावं लागतं, म्हणजे तुमचा पुढचा बेत तिथेच अडतो. म्हणून चेकचा अर्थ झाला अडवणं, थोपवणं. हा अर्थ इंग्रजीत अजून जिवंत आहे, राज्यशास्त्रात 'चेक्स अँड बॅलन्सेस' म्हणतात ना, तिथे कोणी काही तपासत नसतं, एकमेकांना लगाम घालत असतात. मग चूक किंवा लबाडी होऊ नये म्हणून घातलेला लगाम तोही चेक, आणि लगाम घालायचा तर आधी बघायला नको का, म्हणून चेक म्हणजे तपासणं.

शर्टाचं सोपं आहे. बुद्धिबळाच्या पटाला जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेकिये' म्हणायचे, त्या पटासारखी चौकडी ती चेक्स.

पण मला सगळ्यात आवडतो तो पैशांचा भाग. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल मोजायला एक मोठं टेबल असायचं, साधारण 10 फूट लांब आणि 5 फूट रुंद, त्यावर रेघांचे रकाने असलेलं काळं कापड. रकान्यात सोंगट्या सरकवून हिशोब करायचे, कारण रोमन आकड्यांत बेरीज करणं म्हणजे डोक्याला ताप. टेबल दिसायला बुद्धिबळाच्या पटासारखं म्हणून त्या खात्याचंच नाव पडलं एक्सचेकर! ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर म्हणतात. रिचर्ड फिट्झनील नावाचा राजाचा खजिनदार होता, त्याने या खात्यावर लिहून ठेवलंय की इथेही पटावरच्यासारखी लढाईच चालते, एका बाजूला खजिनदार आणि दुसऱ्या बाजूला वसुलीचा हिशोब द्यायला आलेला शेरीफ, म्हणजे राजाचा जिल्ह्यातला अधिकारी. बिचारा शेरीफ!

बँकेचा चेक मात्र बराच नंतरचा, अठराव्या शतकातला. आधी कागदाच्या स्थळप्रतीला, म्हणजे कागद फाडून दिल्यावर मागे उरणाऱ्या तुकड्याला, चेक म्हणायचे, कारण तिच्याशी ताडून बघितलं की खोटा कागद पकडता यायचा, म्हणजे परत तो लगामच. पुढे ते नाव पैसे द्यायच्या कागदालाच चिकटलं. ब्रिटिशांनी एक्सचेकरच्या नादाने त्याचं स्पेलिंग सी-एच-ई-क्यू-यू-ई केलं, अमेरिकनांनी ती भानगड ठेवली नाही, तिकडे तपासायचा आणि वटवायचा चेक एकाच स्पेलिंगचा.

हां, आणि चेक प्रजासत्ताक यात घुसवू नका. ते तिथल्या लोकांचं स्वतःचं नाव आहे, त्याचा शहाशी काही संबंध नाही.